कोल्हा, खोकड आणि ‘फॉक्स’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतरकार, शिक्षक, वार्ताहर, माळावर कॅमेरा घेऊन फिरणारे हौशी आणि मुलांना झोपताना गोष्ट सांगणारे आईबाप हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. एकाच मुद्द्याचे अनेक प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तरातला भाग दुसरीकडे लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोल्हा म्हणजे इंग्रजीतला फॉक्स की जॅकल?

जॅकल. गावाकडे संध्याकाळी ज्याची कुई ऐकू येते, उसाच्या फडात जो शिरतो, तो कोल्हा म्हणजे कॅनिस ऑरियस हा प्राणी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७ची) कोल्ह्यासमोर जॅकल हाच अर्थ आहे. फॉक्ससाठी मराठीत वेगळा, जुना आणि चांगला शब्द आहे : खोकड. तरीही शाळेत ‘एफ फॉर फॉक्स, फॉक्स म्हणजे कोल्हा’ असंच शिकवलं जातं. हा घोटाळा प्राण्यांनी केलेला नाही, गोष्टींनी केला आहे. त्याची हकिकत प्रश्न ८ मध्ये आहे.

२. समोर दिसला तर कोल्हा की खोकड, हे कसं ओळखायचं?

आधी आकार बघा. कोल्हा गावठी कुत्र्याएवढा, आठ-दहा किलोंचा असतो. खोकड मांजरापेक्षा जरा मोठं, दोन ते चार किलोंचं. मग शेपूट बघा. कोल्ह्याची शेपूट शरीराच्या मानाने आखूड असते आणि खाली लोंबते. खोकडाची झुबकेदार शेपूट डोकं धरून मोजलेल्या शरीराच्या निम्म्याहून लांब असते आणि ते पळताना ती मागे सरळ धरतं. खोकडाचे पाय बारीक, तोंड निमुळतं आणि कान चेहऱ्याच्या मानाने मोठे.

शेपटीच्या टोकाच्या रंगावर मात्र विसंबू नका. आपल्या खोकडाचं (व्हल्पीस बेंगालेन्सिस) टोक काळं असतं आणि कोल्ह्याचंही बहुधा काळपटच. टोक पांढरं दिसलं तर तो लाल खोकडाचा भाऊबंद. तो कच्छ-राजस्थानच्या वाळवंटी भागात आणि हिमालयात राहतो, महाराष्ट्रात नाही. इसापाच्या सचित्र पुस्तकांतला पांढऱ्या शेपटीचा तांबडा प्राणी तोच. त्या चित्राशी ताडून पाहिलं तर आपलं राखाडी खोकड ‘फॉक्स वाटतच नाही’, अशी तक्रार अनेक जण करतात.

३. महाराष्ट्रात हे दोघे कुठे दिसतात? मुंबईत कोल्हे आहेत हे खरं का?

खोकड उघड्या माळरानाचा प्राणी. सोलापूरजवळचं नान्नज, बारामतीकडचं सुपे, इंदापूरचं कडबनवाडी अशा गवताळ माळांवर ते बिळं करून राहतं आणि किडे, उंदीर, सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, बोरं असं काहीही खातं. घनदाट, ओल्या जंगलात ते रमत नाही. त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात ‘फॉक्स बघितला’ असं कुणी म्हणालं तर तो बहुधा कोल्हाच, म्हणजे तिथल्या बोलीतला ‘कोलो’.

कोल्हा कुठेही जुळवून घेतो : शेत, ओढा, जंगल, खाडीकाठ. आणि हो, मुंबईत कोल्हे आहेत. विक्रोळी, तुर्भे, चारकोप, ऐरोली या पट्ट्यातल्या खारफुटीत ते राहतात. २०२४ साली मुंबईतल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला, म्हणून तिथे कोल्हा दिसला तर खाऊ घालायला किंवा सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्यायला जा.

खोकडाला मोठी भीती आहे ती माळाची शेती, प्लॉटिंग किंवा झाडांची लागवड होण्याची. माळ म्हणजे ‘पडीक’ जमीन, असं आपण धरून चालतो. त्यात मोकाट कुत्र्यांची भर पडते. ती खोकडाच्या मागे लागतात आणि डिस्टेंपर, रेबीज असे आजारही पसरवतात.

४. कोळसुंदा हा कोल्ह्याचाच प्रकार का?

नाही. कोळसुंदा किंवा कोळसून म्हणजे रानकुत्रा, कळपाने शिकार करणारा तांबूस प्राणी. लांडगाही वेगळा, आणि तरस तर कुत्र्याच्या कुळातलंच नाही. हिंदीशी जोडून विचारणाऱ्यांसाठी : लोमडी म्हणजे खोकड, गीदड किंवा सियार म्हणजे कोल्हा. हिंदी कार्टून बघणारी मुलं हल्ली मराठीतही ‘लोमडी’ म्हणतात. त्यांना रागावण्याआधी खोकड हा शब्द आपण स्वतः शेवटचा कधी वापरला, ते आठवून बघा.

५. ‘कोल्हा’ शब्द आला कुठून?

संस्कृतात ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे. त्यावरून क्रोष्टा, म्हणजे ओरडणारा. प्राकृतात त्याचं ‘कोल्हुअ’ झालं आणि मराठीत कोल्हा. याच धातूपासून ‘आक्रोश’ आला, आणि ‘क्रोश’ म्हणजे हाक ऐकू जाईल इतकं अंतर, त्याचा आपला ‘कोस’ झाला. कोल्हा, कोस आणि आक्रोश एकाच घरातले आहेत हे कळल्यावर या प्राण्याला नाव दिसण्यावरून नाही, आवाजावरून मिळालं हे लक्षात येतं.

कोल्हा आणि खोकड वेगळे आहेत ही जाणीवही फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, २८व्या सूक्तात, नद्या लाकूडफाटा उलट्या दिशेने वाहून नेतात असं एक उफराटं चित्र आहे. त्याच ऋचेत ‘लोपाश’ सिंहावर चालून जातो आणि ‘क्रोष्टा’ रानडुकराला झाडोऱ्यातून हुसकावतो. लोपाश म्हणजे खोकड, क्रोष्टा म्हणजे कोल्हा. एका ऋचेत दोघे, दोन वेगळ्या नावांनी.

अमरकोशात कोल्ह्याला दहा नावं दिली आहेत : शिवा, भूरिमाय, गोमायु, मृगधूर्तक, शृगाल, वञ्चक, क्रोष्टु, फेरु, फेरव, जम्बुक. यातली भूरिमाय, मृगधूर्तक आणि वञ्चक ही तीन सरळसरळ लबाडीची आहेत. म्हणजे बदनामी इसापाची वाट बघत बसली नव्हती.

६. जुन्या शिकारकथांत ‘भालू ओरडली’ असं येतं. अस्वल ओरडलं का?

नाही, हा हिंदीमुळे होणारा गैरसमज. मराठीत भालू म्हणजे म्हातारी कोल्ही. ती वाघाच्या मागावर राहते, त्याने टाकलेल्या शिकारीवर जगते आणि वाघ जवळ असला की नेहमीच्या कुईपेक्षा वेगळा, भेसूर आवाज काढते, अशी समजूत आहे. म्हणून रानातली माणसं भालूचा आवाज आला की गुरं आवरत. हिंदी सिनेमातला ‘भालू’ अस्वल आहे, मराठी रानातली ‘भालू’ कोल्ही. जुनं मराठी पुस्तक इंग्रजीत नेणाऱ्यांनी इथे फार जपावं.

७. मादीला काय म्हणायचं? आणि ‘तो खोकड’ की ‘ते खोकड’?

मादी कोल्ही किंवा कोल्हीण, दोन्ही बरोबर. गोष्टीत कोल्हीण जास्त शोभते. अनेकवचन कोल्हे, सामान्यरूप कोल्ह्या- (कोल्ह्याला, कोल्ह्यांनी). ‘कोल्हाने’ असं हल्ली छापलेलं दिसतं, ते चूक. खोकड बहुतेक ठिकाणी नपुंसकलिंगी चालतं : ते खोकड, ती खोकडं. काही भागांत ‘तो खोकड’ असंही म्हणतात. दोन्हींपैकी एक धरा आणि लेखभर तेच ठेवा.

८. मग इसापाच्या गोष्टीतल्या फॉक्सचा कोल्हा कसा झाला?

भाषांतरकारांनी केला, आणि माझ्या मते शहाणपणानेच केला. इसापाच्या कथांचं मराठी रूपांतर १८०६ साली तंजावरला, सर्फोजीराजांच्या आश्रयाने छापलं गेलं. पुढे इंग्रजी शाळांच्या काळात त्या घरोघरी पोचल्या. ग्रीक गोष्टीत धूर्तपणाची भूमिका खोकडाची आहे. आपल्याकडे ती गादी आधीपासून कोल्ह्याकडे होती (प्रश्न ५ आणि ९). खोकड बिचारं निशाचर, छोटं, माणसापासून लांब राहणारं. कथेत त्याला कुणी ओळखत नव्हतं. तेव्हा भूमिका ज्याची, त्याला ती मिळाली.

गोंधळ पुढच्या पायरीवर झाला. गोष्टीत कोल्हा, चित्रात युरोपचा लाल खोकड, आणि खाली इंग्रजी शब्द फॉक्स. हे तिन्ही एकाच पानावर बघत पिढ्या मोठ्या झाल्या आणि ‘कोल्हा म्हणजे फॉक्स’ हे डोक्यात पक्कं बसलं.

९. पंचतंत्रातले करटक आणि दमनक कोण होते?

कोल्हे. पिंगलक या सिंहाच्या दरबारातले, पद गेलेले मंत्रिपुत्र. सिंहाची संजीवक बैलाशी मैत्री होते. दमनक आधी ती जुळवतो आणि मग मोडतो. करटक त्याला अडवत राहतो, पण अडवण्यापलीकडे काही करत नाही. राजकारणातल्या या दोन जाती आजही ओळखू येतील. ही कथा पहलवीतून (जुन्या इराणी भाषेतून) अरबीत गेली तेव्हा ग्रंथाचं नावच या दोघांवरून पडलं : कलीला व दिम्ना. करटकाचा कलीला, दमनकाचा दिम्ना.

निळीच्या रांजणात पडून राजा झालेला चंडरवही पंचतंत्रातलाच. तो पकडला जातो कशामुळे? लांबून इतर कोल्ह्यांची कुई ऐकू येते आणि त्याच्याने राहवत नाही, तोही ओरडतो. प्रश्न ५ मधली व्युत्पत्ती आठवून ही गोष्ट पुन्हा वाचा. ओरडणं हेच ज्याचं नाव, तो ओरडला म्हणून मेला. ही कथा खोकडाला घालता येणार नाही, कारण खोकडं अशी सामूहिक कुई करत नाहीत.

१०. ‘कोल्हा काकडीला राजी’ आणि ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ यांत फरक काय?

पहिली अस्सल इथली. क्षुद्र माणूस क्षुल्लक लाभानेही खूश होतो, असा तिचा अर्थ. ती शेतावरच्या अनुभवातून आली आहे, कारण कोल्हा खरोखर काकडी, कलिंगड, मका, ऊस, बोरं खातो. कुणाच्या तोंडावर ही म्हण वापरू नका, ती अपमानाची आहे. स्वतःबद्दल हसत हसत म्हटली तर चालते.

दुसरी इसापाची. मिळत नाही म्हणून त्या गोष्टीलाच नावं ठेवणे, हा तिचा अर्थ. हल्ली ती नुसत्या मत्सरासाठी वापरतात (‘तिला प्रमोशन मिळालं म्हणून याला द्राक्षं आंबट’). हे बरोबर नाही. ‘त्या प्रमोशनमध्ये काय ठेवलंय, नुसती डोकेदुखी’ असं तो म्हणाला, तरच द्राक्षं आंबट. मांसाहारी प्राणी द्राक्षं कशाला खाईल, असंही विचारतात. कोल्हा खातो, आवडीने खातो.

११. ‘कोल्हेकुई’ हा शब्द भाषणात नेहमी शिवी म्हणून येतो. मूळ अर्थ काय?

तिन्हीसांजेला एक कोल्हा सुरू करतो, मग दुसरा, मग ओढ्यापलीकडून तिसरा. जोडीतले आणि कुटुंबातले कोल्हे एकमेकांचा ठावठिकाणा घेतात, आपली हद्द जाहीर करतात. ऐकणाऱ्याला दोन कोल्हे दहा वाटतात. राजकीय भाषेतली कोल्हेकुई इथूनच आली : संख्या थोडी, आवाज मोठा, आणि एकाने काढला की सगळ्यांनी काढायचा. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर नसलं की हा शब्द फार सोयीचा पडतो.

१२. उन्हात पाऊस पडला की ‘कोल्ह्याचं लग्न’ का म्हणतात?

कारण सांगणाऱ्या गोष्टी गावागणिक वेगळ्या आणि बहुतेक मागाहून रचलेल्या वाटतात. कल्पना मात्र फार दूरवर पसरलेली आहे. हिंदीत गीदडाचं लग्न होतं, बंगालीत शेयालाचं. कन्नड आणि तमिळमध्ये कावळ्याचं ‘नरी’शी, म्हणजे कोल्ह्याशी, लागतं. जपानमध्येही ऊन-पावसाला खोकडाची वरात म्हणतात. ऊन आणि पाऊस एका वेळी हे नेहमीच्या जगात न बसणारं, म्हणून ते लबाड प्राण्याच्या नावावर घातलं असावं, हा माझा अंदाज. आपल्याकडे याच पावसाला ‘नागडा पाऊस’ असंही नाव आहे.

१३. सकाळी कोल्ह्याचं तोंड बघणं शुभ असतं का? आणि ‘कोल्ह्याचं शिंग’ घरात ठेवावं का?

पहिलं निरुपद्रवी आहे. अचानक फायदा झाला की ‘आज कोल्ह्याचं तोंड बघून उठलास काय?’ असं गावाकडे म्हणतात. शेजारच्या कन्नड मुलखातही ‘नरी’चं तोंड बघणं शुभच मानतात.

दुसरं शुद्ध फसवणूक आणि वर गुन्हा. कोल्ह्याला शिंग नसतं. जत्रेत, आणि आता ऑनलाइन, ‘सियार सिंगी’ म्हणून विकला जाणारा केसाळ गोळा एकतर कातडी-केस चिकटवून बनवलेला असतो, नाहीतर खऱ्या कोल्ह्याला मारून काढलेला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कोल्हा आणि खोकड दोघांनाही संरक्षण आहे. अवयव विकत घेणाराही त्यात अडकतो. ‘घरात आजोबांच्या वेळचं आहे’ हे उत्तर चालत नाही.

१४. कोल्हापूरचं नाव कोल्ह्यावरून पडलं का?

परंपरा तसं सांगत नाही. करवीर माहात्म्यातल्या कथेप्रमाणे महालक्ष्मीने कोल्हासुराचा वध केला आणि त्याच्या नावाने नगर ओळखलं जाऊ लागलं. कोल्हे हे आडनाव मात्र वाघ, लांडगे, मोरे यांच्या पंगतीत बसतं. इंग्रजांतही फॉक्स आडनाव आहेच.

१५. मग सिनेमाची फॉक्स कंपनी म्हणजे कोल्हेच?

गमतीने म्हणायला हरकत नाही. विल्यम फॉक्स या हंगेरीत जन्मलेल्या माणसाने १९१५ साली फॉक्स फिल्म काढली. नाव त्याच्या आडनावाचं, प्राण्याचं नाही. १९३५मध्ये विलीनीकरण होऊन ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स झाली.

फायरफॉक्स ब्राउझरचं प्रकरण उलटं. आधी त्याचं नाव फिनिक्स होतं, मग फायरबर्ड. दोन्ही नावांवर इतरांचा हक्क निघाला, म्हणून फायरफॉक्स. पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २००४ची. फायरफॉक्स हे हिमालयातल्या रेड पांडाचंही एक नाव आहे, पण चिन्हात दिसतो तो खोकडच. या दोन्ही नावांचं मराठी करू नका. विशेषनाम आहे तसं ठेवायचं.

१६. वनस्पती आणि इतर प्राण्यांच्या इंग्रजी नावांत फॉक्स आला तर?

तिथे कोल्हा घातला की हसं होतं. ‘उडता कोल्हा’ ही एका बातमीत आलेली करामत. फ्लाइंग फॉक्स म्हणजे साधं वटवाघूळ, फळं खाणारं मोठं. फॉक्सटेल मिलेट म्हणजे राळा, आपल्या आज्यांना पाठ असलेलं धान्य. कणसाचा झुबका शेपटीसारखा, म्हणून ते नाव. फॉक्सटेल ऑर्किड म्हणजे सीतेची वेणी. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या शेवटी झाडांवरून लोंबणारी ही फुलं पाहिल्यावर दोन नावांतलं कुठलं सुंदर, हे सांगावं लागत नाही. फॉक्स नट म्हणजे मखाना. फॉक्सग्लोव्ह आपल्याकडे रानात उगवत नाही, तेव्हा डिजिटॅलिस म्हणा. १७८५ साली विल्यम विदरिंग याने हृदयरोग्यांवर तिच्या वापराची नोंद छापली आणि आजचं डिजॉक्सिन त्याच कुळातलं औषध.

१७. जुन्या पुस्तकावर ‘फॉक्सिंग’ आहे असं विक्रेता सांगतो. म्हणजे कसर लागली का?

कसर नव्हे. कागदावर पडणारे तांबूस-तपकिरी ठिपके म्हणजे फॉक्सिंग. बुरशी आणि कागदातल्या लोखंडाच्या कणांचं गंजणं ही त्याची कारणं सांगितली जातात. दमट हवेत ते वाढतं. मराठीत ‘पानांवर तपकिरी डाग’ एवढं म्हटलं की काम भागतं.

१८. ‘क्विक ब्राउन फॉक्स’वालं वाक्य मराठीत कसं लिहायचं?

लिहायचंच नाही. ‘द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग’ या वाक्यात इंग्रजीची २६ अक्षरं ३५ अक्षरांत बसतात, म्हणून टंकलेखन आणि फॉन्ट तपासायला ते वापरतात. ‘चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो’ याने देवनागरीचं काहीच तपासलं जात नाही. त्यात ना ज्ञ, ना क्ष, ना ऋ. मराठी फॉन्ट बघायचा तर ‘ऱ्या’, ‘ॲ’, ‘ऑ’, ‘श्र’, ‘द्ध’, ‘ह्म’ असलेली दोन-चार वाक्यं स्वतः रचा. विमानवाहतुकीत एफ अक्षराला म्हणतात तो ‘फॉक्सट्रॉट’ एका नाचाचा प्रकार. तोही तसाच ठेवा.

१९. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल, त्याला ‘वाळवंटी कोल्हा’ म्हणणं बरोबर का?

रूढ झालं आहे, राहू द्या. फक्त वजन बदलतं हे लक्षात असू द्या. इंग्रजीत शत्रूच्या सेनापतीला डेझर्ट फॉक्स म्हणणं हा अर्धा सलाम होता. मराठीत माणसाला कोल्हा म्हटलं की त्यात कौतुक जवळजवळ उरत नाही. कौतुक हवं असेल तर ‘धूर्त’ किंवा ‘चतुर’ सरळ लिहा. जपानी कथांतल्या रूप बदलणाऱ्या स्त्रीसाठी मात्र कोल्हीण छान बसते. प्राणिशास्त्रावरचा मजकूर असेल तर पळवाट नाही, तिथे खोकडच.

२०. खोकड किंवा कोल्हा पाळता येतो का? परदेशात पाळतात म्हणे.

भारतात नाही, कायदा प्रश्न १३ मध्ये दिला आहे. परदेशातली जी उदाहरणं व्हिडिओत दिसतात त्यांतली काही सोव्हिएत रशियातल्या एका प्रयोगाची वंशज आहेत. दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९पासून नोवोसिबिर्स्कजवळ चंदेरी खोकडांमधली सर्वांत कमी बुजरी निवडून त्यांचीच पैदास केली. काही पिढ्यांत ती शेपूट हलवू लागली, काहींचे कान पडले, अंगावर पांढरे ठिपके आले. हे निवडक पैदाशीचं फळ, लळा लावल्याचं नव्हे. माळावर सापडलेलं पिल्लू घरी नेऊन असं काही होत नाही. बहुतेक वेळा त्याची आई जवळच असते. जखमी दिसलं तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

२१. बातमी आजच द्यायची आहे, फोटो अंधुक आहे, वनरक्षक ‘कोल्हा’ म्हणतोय आणि इंग्रजी निवेदनात फॉक्स लिहिलंय. काय छापू?

वनरक्षकाचा शब्द धरा. तो प्राणी बघून बोलतो, निवेदन कुणीतरी कार्यालयात बसून कोशातून लिहिलेलं असतं. तरी एक प्रश्न त्याला विचारा : ‘बिळातून निघालं का, आणि मांजराएवढं होतं की कुत्र्याएवढं?’ मांजराएवढं म्हणाला तर खोकड छापा.